आभाराच्या वेळी पोचणारे मास्तर

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्तर होते, ते पळायचे. हे ऐकून आता कुणाला काही वाटणार नाही. हल्ली चांगली शहाणीसुरती माणसं बूट घालून रस्त्यानं पळतात आणि त्यांना कुणी हटकत नाही. पण मी सांगतोय ती दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतली गोष्ट, आणि मुलूख आमचा म्हसवड-आटपाडीकडचा. तिथं त्या काळी मोठं माणूस रस्त्यानं पळताना दिसलं तर कारणं तीनच असायची. कुणीतरी मेलंय, कुठंतरी पेटलंय, नाहीतर बैल सुटलाय. चौथंही कारण असू शकतं हे मास्तरांनी पंचक्रोशीला पटवायचा फार प्रयत्न केला. नाही जमलं.

"मास्तर, कोण गेलं वो?" बांधावरनं कुणीतरी हाक मारायचं.

मास्तर थांबायचे. शिक्षकाची जात! प्रश्न आला की उत्तर दिल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

"कुणी न्हाई गेलं. सगळी बरी हायत."

"मग पळताय कशापायी?"

"तब्येतीसाठी."

"आरं द्येवा! तब्येत बरी न्हाई व्हय? मग पळू नका की. बसा हितं जरा सावलीला."

आणि मास्तर बसायचे. दोन मैलांच्या पळण्यात असे पाचसहा बांध लागायचे. एकदा तर मेंढरांच्या वस्तीवरची सगळी माणसं घागरी-बादल्या घेऊन अर्धा कोस त्यांच्या मागं पळाली. मास्तरांना वाटलं, अखेर लोकांना पळण्याची गोडी लागली. त्यांनी आनंदानं वेग वाढवला. शेवटी एका म्हाताऱ्यानं धापा टाकत विचारलं, "कुठं पेटलंय त्ये तरी सांगा!" कुठंच पेटलेलं नाही हे कळल्यावर लोकांनी काय केलं असेल? पाणी ही आमच्याकडं रागाच्या भरात ओतून द्यायची वस्तू नव्हती. भरल्या घागरी तशाच डोक्यावर घेऊन ती माणसं परत गेली आणि जाताना मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेली.

मी तेव्हा त्या शाळेत नवा, हंगामी मास्तर. कायम व्हायचा कागद हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात होता आणि मी त्या खणाकडं बघत दिवस काढत होतो. राहायला भूगोल मास्तरांच्या शेजारच्याच खोलीत. त्यामुळं रोज उजाडताना त्यांची तयारी मला आयती बघायला मिळायची. धोतराचा काचा मारायचा, अंगात काळा कोट, वरपासून खालपर्यंत गुंड्या लावलेला, डोक्याला टोपी आणि वहाणा हातात. पळायचं अनवाणी, पण वहाणा बरोबर हव्यात, वाटेत कुणाच्या दारात जावं लागलं तर? मी एकदा म्हटलं, "मास्तर, निदान कोट तरी काढा."

"अरे, रस्त्यावर विद्यार्थी भेटतात," ते म्हणाले. "मास्तरला कुणी उघडं पळताना बघितलं तर उद्या अक्षांश-रेखांशावर विश्वास ठेवेल का कुणी?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "पाठीमागं कुत्रं लागलं तर माणसानं पळावं. आमच्यात कुत्रं न्हाई, काय न्हाई, पळत्यात आपलं!" पण संध्याकाळी त्याच बाई तेल कोमट करून त्यांच्यापुढं वाटी ठेवायच्या, हेही मी बघितलंय.

मास्तरांचं पळण्याचं एक शास्त्र होतं. चढ पायानं चढायचा नसतो, नाकानं चढायचा असतो, असं ते सांगायचे. तोंड उघडलं की चढ जिंकला, आपण हरलो. दहा पावलांना एक श्वास, आणि उतारावर पोटात काही ठेवायचं नाही, ना अन्न, ना राग. हे सगळं ते वर्गातही शिकवायचे. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले तेव्हा फळ्यावर युरोपाच्या जागी आमच्या घाटाचा नकाशा होता.

या घाटाबद्दल सांगायला हवं. गावाबाहेर माळ ओलांडला की रस्ता डोंगराला भिडतो आणि सात वळणं घेत खिंडीत चढतो. खिंडीच्या पलीकडं लगेच एक खेडं. जायला तीन मैल, यायला तीन मैल. मास्तरांनी सातही वळणांना नावं दिली होती. पहिलं वळण इराण, दुसरं अरबस्तान, तिसऱ्यावर एक झुडूपसुद्धा नव्हतं म्हणून ते सहारा. वरच्या खिंडीत वारं सुटायचं, ते आफ्रिकेच्या टोकाचं केप. सकाळी शिक्षकांच्या खोलीत येऊन ते सहज सांगायचे, "आज सहारात जरा दमलो." नवा माणूस घाबरायचा.

आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. पण एकदा एक म्हातारा शेतकरी शाळेत आला. त्याचा मुलगा पलटणीत होता, आणि आमच्याकडं तर घरटी एक गडी पलटणीत. पत्र आलं होतं, वाचायला कुणी नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं. मुलगा मिसरच्या वाळवंटात कुठंतरी होता.

"त्ये कुठं आलं, मास्तर? लय लांब हाय का?"

मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं. म्हाताऱ्याला नकाशा दाखवून काय उपयोग? ते म्हणाले, "आपला घाट माहीत हाय नव्हं? तिसऱ्या वळणावर हाय तुमचं पोरगं."

म्हातारा खिडकीतनं डोंगराकडं बघत राहिला. "तितनं परत यायला उतार हाय का?"

"हाय," मास्तर म्हणाले. "सगळा उतारच हाय."

म्हातारा पत्र टोपीत ठेवून गेला. त्या दिवशी मात्र कुणाला टिंगल करायचं सुचलं नाही.

या घाटात दर वर्षी शर्यत व्हायची. संक्रांतीच्या आधी, शाळू हुरड्यात आला की. शर्यत आमच्या शाळेची, म्हणजे हेडमास्तरांची. आता शर्यत म्हटल्यावर पळणारी माणसं लागतात, एवढी एक अडचण सोडली तर हेडमास्तरांना तो समारंभ फार आवडायचा. मंडप, खुर्च्या, हार, स्वागतपद्य, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण, आभार. समितीत अकरा माणसं होती. दहाजण पाहुण्यांकडं बघायचे आणि एकजण शर्यतीकडं. तो एक मी. हंगामी होतो ना!

शर्यतीच्या शेवटी एक लाल फीत धरायची असायची. लढाईमुळं कापड मिळायची मारामार, म्हणून फीत एकच आणि ती वर्षानुवर्षं पुरवायची होती. पहिल्या येणाऱ्यानं ती छातीनं तोडायची अशी जगाची रीत, आमच्याकडं हेडमास्तर आधीच बजावायचे, "हळूच टेकायचं. फाटता कामा नये." येईल त्याच्यासाठी आम्ही ती धरायचो, पण पाहुणे बोलायला उभे राहिले की घडी करून कपाटात.

आणि भूगोल मास्तर दर वर्षी पोचायचे ते आभाराच्या वेळी. एकदाही चूक नाही. वर्षानुवर्षं ते त्या शर्यतीत पळत होते आणि वर्षानुवर्षं शेवटचे. आधीच वेग बेताचा, त्यात बांधाबांधावरची प्रश्नोत्तरं, त्यात खिंडीपलीकडच्या गावात पाटलाकडं गूळपाणी. आभार मानणारा "तसेच मांडववाले" इथपर्यंत आला की मैदानाच्या कडेला काळा कोट दिसायचा. लोक धोतराची धूळ झटकत उठायला लागायचे. मास्तर आले, म्हणजे कार्यक्रम संपला.

एकदा घडी केलेली फीत मी कपाटात ठेवत होतो, तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. एक बोट लावून बघितलं.

"मऊ आहे की रे," ते म्हणाले. "मला बक्षीस नको गड्या. नंबर नको. पण मी आलो तेव्हा ही लावलेली पाहिजे. एकदा छातीला लागलेली कळली पाहिजे. तेवढं झालं की मी पळायचं सोडीन, शपथ."

"पाटलाकडं बसू नका मग," मी म्हणालो. "तिथंच तुमचा अर्धा तास जातो."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणाला तरी शिवी दिली. "पाणी पुढं केलं माणसानं, आणि मी पाठ फिरवून पळू?"

आता हा पाटील. शर्यतीच्या पहिल्याच वर्षी एका गड्यानं दुसऱ्या वळणापाशी झुडपात विडी ओढली आणि बाकीचे परतताना दिसले तसा त्यांच्यापुढं पळत येऊन पहिला नंबर पटकावला. पुढं तो समितीवर आला, ते वेगळं. पण तेव्हापासून ठरलं की पलीकडच्या गावच्या पाटलाकडं शाळेचा शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि प्रत्येकानं तिथनं एकेक आणायची. कागदावर योजना नामी. पण ज्या गावात दारात आलेला माणूस गूळपाणी न घेता गेला तर घरातली बाई तीन दिवस रुसते, त्या गावच्या पाटलाच्या दारात आम्ही सोळा-सतरा धट्टीकट्टी माणसं पाठवायचो. ती यायची, पाटलाच्या हातातली चिठ्ठी हिसकायची आणि राम राम न घालता उलटी पळायची. पाटील गुळाचं ताट धरून उभा. दर वर्षी! एकटे भूगोल मास्तर वहाणा पायात घालून ओसरीवर चढायचे, बसायचे, गूळ खायचे, पाणी प्यायचे, म्हशीची चौकशी करायचे आणि मग चिठ्ठी मागायचे.

त्या वर्षी पाटलाचं डोकं फिरलं.

हे मला मागाहून पळणाऱ्यांनीच सांगितलं. पहिला गडी पोचला तर पाटील ओसरीवर घोंगडं टाकून बसलेला, चिठ्ठ्या मांडीखाली.

"चिट्टी द्या, पाटील!"

"बसा आदी."

"आवं, शर्यत हाय!"

"आसंल. आमच्या दारात येऊन पाणी न घेता जायाला आमी काय वाळीत टाकल्याली माणसं हाय? बसा म्हन्तो न्हवं!"

चिठ्ठीशिवाय परत जाऊन उपयोग नव्हता. गडी बसला. मागनं दुसरा आला, तोही बसला. असे सोळाजण ओळीनं घोंगड्यावर बसले. गूळ झाला, पाणी झालं, तरी मांडी हलेना. पाटील म्हणाला, "हुरडा टाकलाय भाजायला. खाऊन जावा." लंगोट लावलेले, तेल चोपडलेले ते पैलवान वऱ्हाडासारखे बसले आणि गप हुरडा चोळू लागले.

तेवढ्यात भूगोल मास्तर आले. सतरावे. ते बिचारे सवयीनं वहाणा घालून ओसरीची पायरी चढले. पाटील उठून उभा राहिला. चिठ्ठी पुढं केली.

"मास्तर, आज तुमी बसायचं न्हाई."

"का वो? काय चुकलं का माझं?"

"तुमचं कायबी चुकल्यालं न्हाई. इतकी वर्सं बसलासा. आज ही बसत्याली. तुमी जावा."

मास्तरांना काही समजेना. त्यांनी तांब्यातलं पाणी उभ्यानंच प्यायलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तरी विचारलंच, "म्हस व्याली का?"

"व्याली! रेडी झाली! पळा आता, मास्तर!"

आणि मास्तर पळाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पुढं कुणी नव्हतं. वाटेत बांधावरनं हाका आल्या असतील, पण म्हणतात की त्या दिवशी ते कुठंच थांबले नाहीत. सुटलेल्या बैलासारखा काळा कोट डोंगर उतरला.

इकडं मैदानावर काय चाललं होतं? पाहुणे म्हणून प्रांतसाहेब यायचे होते आणि आले नव्हते. हेडमास्तर हातात हार घेऊन वेशीच्या दिशेनं बघत उभे. स्वागतपद्याच्या मुली दोनदा म्हणून बघून कंटाळल्या होत्या. हेडमास्तरांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "साहेब आल्याशिवाय शर्यत संपता कामा नये."

"पण पळणारे आले तर?"

"अहो, ते आले आणि शर्यत संपून गेली, तर साहेबांनी येऊन बघायचं काय? तुमचं तोंड? फीत खिशात ठेवा. मी सांगेपर्यंत काढायची नाही."

मी फीत खिशात ठेवली.

मग माळावर एकटा काळा कोट दिसला. मला वाटलं, मास्तरांना बरं वाटेनासं झालं, निम्म्यातनं परत आले. पण परत येणारा माणूस असा येत नाही. तोंड घट्ट मिटलेलं, नाक फुगलेलं, टोपी कानावर, आणि वर केलेल्या हातात चिठ्ठी. मागं रस्ता मोकळा. दुसऱ्या वळणापर्यंत चिटपाखरू नव्हतं. लोक उठून उभे राहिले. "मास्तर पयलं आलं!" कुणीतरी ओरडलं, आणि मग जो कालवा झाला! त्यांची चाळीस वेळा थट्टा केलेली माणसं खुर्च्यांवर चढून ओरडत होती. माझा हात आपोआप खिशाकडं गेला.

"त्यांना थांबवा," हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडाकडं नाही, खरं सांगतो. मला त्यांच्या टेबलाचा खण दिसत होता.

मी रस्त्याच्या मधोमध गेलो आणि दोन्ही हात आडवे केले. "थांबा, मास्तर! साहेब यायचेत!"

मास्तर दहा पावलांवर होते. दहा! त्यांच्या हिशोबानं एक श्वास. त्यांना मला ढकलून पुढं जाता आलं असतं, मी काही पैलवान नव्हतो. पण प्रश्न आला की थांबणारा माणूस तो, माझ्यासाठीही थांबला. माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. फीत नव्हती.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"येतीलच."

थोडा वेळ ते जागच्या जागी पाय हलवत राहिले. मग पाय हलायचे थांबले. घामानं भिजलेला कोट अंगाला चिकटला होता, वारं गार होतं, आणि ते उभे होते. आरडाओरडा करणारे लोकही खाली बसले. हेडमास्तर म्हणतात तर काहीतरी नियम असणार. काही वेळानं चिठ्ठ्या आणि हिरवे दात घेऊन बाकीचे सोळाजण आले. त्यांनाही तिथंच उभं केलं. मग हेडमास्तरांना ती गर्दी बरी दिसेना, म्हणून सगळ्यांना मागं चावडीपाशी नेलं.

प्रांतसाहेबांची मोटार आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हार झाला. स्वागतपद्य झालं. साहेब खुर्चीवर बसले आणि हेडमास्तरांनी मला खूण केली. फितीचं एक टोक मी धरलं, दुसरं शिपायानं. शिट्टी वाजली आणि चावडीपासनं मैदानापर्यंत शर्यतीचा शेवट नव्यानं पळवण्यात आला. सोळा पैलवान, पोटात हुरडा, तासभर विसावा. धाडधाड आले, एकेकजण फितीला हळूच टेकला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "फार चुरशीची झाली," म्हणाले, आणि घड्याळ बघून लगेच बोलायला उभे राहिले.

मास्तर अजून निम्म्यात होते. त्यांचे गुडघे आखडले होते. एक पाय ओढत, टोपी सावरत, तोंड मिटून ते येत होते. चाळीस पावलं राहिली होती. मला दिसत होतं. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघून दोन बोटं मिटली, म्हणजे घडी करा. मी त्या फितीची घडी केली. शिपायाचा हात क्षणभर टोक सोडेना, म्हणून मी ती ओढून घेतली. एवढी वर्षं झाली, अजून ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

शाळेच्या वहीत मी निकाल लिहिला. सतरावा क्रमांक कुणाचा ते सांगायला नको. अक्षर माझं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुझी नोकरी नवी आहे," ते म्हणाले. "तू दुसरं काय करणार होतास? ते सोड. मला एवढंच सांग, मी पहिला आलो होतो, नव्हं?"

"हो, मास्तर."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग झालं. वहीत खाडाखोड करू नकोस, उगीच तुझ्यावर यायचं. पण कुणी विचारलं तर सांग."

जूनमध्ये मी कायम झालो. पुढं सांगलीकडं बदली झाली, कालांतरानं मीही हेडमास्तर झालो, मांडव घातले, पाहुण्यांची वाट बघितली, हार हातात धरून उभा राहिलो. मास्तर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. ती शाळा, तो घाट, ती शर्यत, त्याबद्दल लोकांनी मला नाना गोष्टी विचारल्या. ही एक कुणीही विचारली नाही. आता माझं वय झालंय आणि कुणी विचारेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी मास्तर पहिले आले होते. मी बघितलं.